फुलीचा टाका

घडी घाला, म्हणाल्या आर्मेलिनबाई. आता आडवी घाला.
उघडा. दोन मोडी जिथे भेटतात
ते कापडाचं पोट. तिथून सुरुवात.
कडेपासून निघालेला माणूस
अर्ध्या वाटेत कापड संपवून बसतो.

मरोळ गावठाण, त्यांचा ओटा, दुपारचे तीन.
वरून विमान गेलं की त्या वाक्य तोंडात धरून ठेवतात
आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे.

वीतभर मॅटी. बोथट सुई.
सहा पदरांचा दोरा, त्यातले दोनच हवेत,
तेही एकेक ओढायचे, वरच्या वर.
उरलेले खाली गोळा होतात, रुसल्यासारखे;
बोटं फिरवली की सरळ.
सुईत ओवायला मला नऊ मिनिटं लागली.
गाठ नाही मारायची. मेली पुढून फुगते.
इंचभर शेपूट मागे धरा,
पुढचे टाके त्याला आपोआप दाबतात.

जाताना नुसते तिरके पाय, सगळी ओळ अर्धी,
मस्टरवर अर्धा दिवस मांडतात तशी.
येताना दुसरा पाय. दिवस भरला.
वरचा पाय सगळ्यांचा एका दिशेला हां,
एक जरी उलटा पडला
तरी उजेडात चुगली करतो.

झाली बघा तुमची पहिली फुली.

फुली.
हा शब्द मी तीस वर्षं
रंगाच्या डब्यात घेऊन हिंडलो.
उद्यान खातं, के-पूर्व.
छातीच्या उंचीवर लाल फुली: हे जाईल.
नुसता नंबर: हे राहील.
सोनमोहर, सातवीण, पर्जन्यवृक्ष,
सहार रोडचा एक बदाम, ज्याच्याखाली चावीवाला बसायचा.
ब्रश दोनदा फिरवायचा.
खोड खरबरीत असेल तर तीनदा.
मी कापत नव्हतो. कापणारे वेगळे, कंत्राटदाराचे.
हे मी बायकोला सांगायचो,
तिने विचारलेलं नसताना.

नमुना किटलीचा. निळी, तीनशे बारा घरं.
पाचव्या ओळीत मी एका घराने घसरलो
आणि तोटी पोटापासून सुटली.
उसवा, म्हणाल्या.
उसवलं. कापडावर भोकांची रांग उरली.
दिसतील ना ही?
नखाने घासा. धुतलं की कापड विसरतं.
मी जरा जास्तच वेळ घासत बसलो.
त्या आत जाऊन चहा ठेवून आल्या.

निळा दोरा संपला म्हणून अंधेरीला गेलो.
दुकानदाराने विचारलं, मॅडमनी नंबर दिलाय का?
म्हटलं, मीच आहे मॅडम.
तो हसला नाही. छटांचं कार्ड पुढे केलं.
हिरव्यांच्या पानावर माझं बोट थांबलं.
हा बदामाचा, पालवी फुटून चार दिवस झालेला.
हा पर्जन्यवृक्षाचा, संध्याकाळी पानं मिटताना.
हा धूळ बसलेला, मे महिन्यातला, कशाचाही.
किटलीत हिरवा नाही एकही.
सात लड्या घेतल्या.
निळा विसरलो, परत जावं लागलं.

पाठ बघू, म्हणतात आर्मेलिनबाई दर वेळी,
आणि कापड उलटं करतात.
पुढून किटली, मागून
इकडून तिकडे उड्या मारलेले दोरे.
त्या काही बोलत नाहीत. ओठ मात्र मुडपतात.

काल मिलिटरी रोडवर ताजी फुली दिसली,
रंग खाली ओघळलेला.
घाईचा हात. नवा कुणीतरी.
लोक वळसा घालून जात होते आणि मी
जवळ जाऊन बघत होतो,
वरचा पाय कुठल्या दिशेला.

उजवीकडून डावीकडे. माझा उलटा असायचा.

घरी आलो. दिवा ओढून जवळ घेतला.
कान बाकी आहे किटलीचा,
एकोणीस घरं. मोजून घेतली.
मग परत मोजली.